'लगेच' म्हणजे कोणाच्या घड्याळात?

दिवाळीची सुट्टी संपल्यावर भाच्याला घेऊन पुण्याहून मुंबईला निघाले होते, ट्रेनने. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घाटात रेंज गेली तसं त्याने कानातलं काढलं आणि म्हणाला, "मावशी, ते एन्टँगलमेंट असतं ना, एक कण इकडे मोजला की दुसऱ्याचं तिकडे लगेच ठरतं म्हणतात, तर ते 'लगेच' म्हणजे कोणाच्या घड्याळात लगेच?"

मी एमएस्सीला शिकलेलं उत्तर दिलं, की अरे त्यातून मेसेज पाठवता येत नाही, प्रकाशापेक्षा वेगाने कुठलाही सिग्नल जात नाही, त्यामुळे आइनस्टाइनच्या रिलेटिव्हिटीशी त्याचं काही भांडण नाही.

तो म्हणाला, "पण मी मेसेजचं विचारलंच नाहीये."

बरोबर होतं त्याचं. कर्जत येईपर्यंत मी गप्पच होते. हे उत्तर मला कॉलेजात एका वाक्यात मिळालं होतं, मी ते पेपरात एका वाक्यात लिहिलं, मार्क मिळाले, आणि त्याच्या खाली काय आहे ते कधी उकरून बघितलंच नाही. गेले काही आठवडे रात्री जेवणं आवरली की तेच वाचत बसतेय आणि आता मला पक्कं वाटायला लागलंय की सगळे जिथे भांडण आहे म्हणतात तिथे ते नाहीये. सगळे वेगाबद्दल बोलतात, आणि खरी गोम आहे ती 'आधी' आणि 'नंतर' या दोन शब्दांमध्ये.

सुरुवात मात्र थोडी मागून करावी लागेल, कारण एन्टँगलमेंट समजावताना जे चपलेचं उदाहरण देतात ना, की चपलांचा जोड दोन बॅगांत टाकला, एक बॅग नागपूरला गेली, एक कोल्हापूरला, नागपूरची उघडल्यावर डावी निघाली म्हणजे कोल्हापूरला उजवी आहे हे लगेच कळलं, तर त्यात गूढ काहीच नाही. चप्पल आधीपासून डावीच होती. १९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचं म्हणणं थोडक्यात हेच होतं, की कणांकडे उत्तर आधीपासून असणार, ते सांगायला क्वांटम थिअरी अपुरी पडतेय. आणि हे म्हणणं अगदी सरळ, शहाणं म्हणणं आहे, मला तर आजही ते वाचताना पटतं. ते चुकीचं ठरलं ते कुणाला आवडलं नाही म्हणून नाही, आकडे जुळले नाहीत म्हणून.

आकडे कसे जुळत नाहीत ते एका खेळाने सांगते. दोन मैत्रिणी, एक डोंबिवलीत, एक विरारला, एकमेकींशी बोलायला बंदी. प्रत्येकीसमोर एक नाणं उडवलं जातं आणि आपलं नाणं बघून तिने फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, दुसरीचं नाणं काय पडलं ते तिला माहीत नाही. नियम असा, की दोन्ही नाणी छापा पडली तर दोघींची उत्तरं वेगळी यायला हवीत, बाकी कुठल्याही वेळी सारखी. आदल्या दिवशी बसून वाटेल ते ठरवून घ्या, हजार पानांची वही भरून युक्त्या लिहा, तरी लांब पल्ल्यात तुम्ही चारातून तीनच वेळा जिंकणार, ७५ टक्के. (दोघींनी डोळे मिटून कायम 'हो' म्हटलं तरी ७५ टक्केच, स्वतः मांडून बघा, दहा मिनिटांत पटतं.) पण त्या दोघींकडे एन्टँगल झालेल्या फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या असतील, एकेक फोटॉन एकेकीकडे, आणि नाणं बघून प्रत्येकीने आपला पोलरॉइड (एका ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच आरपार सोडणारी पट्टी) ठरलेल्या कोनात फिरवून फोटॉन मोजला, तर त्या ८५.४ टक्के वेळा जिंकतात. चपलांचा कुठलाही साठा हे करू शकत नाही.

हे शोधलं जॉन बेलने, १९६४ मध्ये. बेलफास्टचा माणूस, कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं चालवणाऱ्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत नोकरी, काम बरंचसं अ‍ॅक्सिलरेटरच्या डिझाइनचं, आणि हे सुट्टीवर अमेरिकेत असताना लिहिलेलं, तेही पुढे काही वर्षांतच बंद पडलेल्या एका जर्नलमध्ये. वर सांगितलेला खेळ म्हणजे क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या चौघांनी १९६९ मध्ये बेलच्या गणिताला प्रयोगात वापरता येईल असं जे रूप दिलं त्याचाच सोपा अवतार.

प्रयोग खूप झाले, १९७२ ला बर्कली, १९८२ ला पॅरिसजवळ ओर्सेला अ‍ॅस्पेचा, पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो २०१५ चा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा. हिऱ्याचे दोन तुकडे, विद्यापीठाच्या आवारात एकमेकांपासून १.३ किलोमीटरवर, प्रत्येकात एक इलेक्ट्रॉन अडकलेला, आणि १८ दिवसांच्या काळात २२० तास मोजणी करून त्यांच्या हातात त्या खेळाच्या फक्त २४५ फेऱ्या लागल्या. त्यातल्या १९६ जिंकलेल्या. चपलेच्या हिशेबाने जास्तीत जास्त १८४ च्या आसपास यायला हव्या होत्या. २२० तासांत २४५, म्हणजे तासाला एक कशीबशी, त्या लोकांच्या धीराला माझा मनापासून नमस्कार. एवढ्या थोड्या फेऱ्यांवर कुणी म्हणेल की योगायोग असेल, पण त्याच वर्षी व्हिएन्नात आणि अमेरिकेत बोल्डरला फोटॉन घेऊन हाच निकाल कितीतरी जास्त भक्कम आकड्यांनी आला. २०२२ चं नोबेल अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना मिळालं ते याच सगळ्या कामासाठी.

आता ते माझं एमएस्सीचं उत्तर. मेसेज का जात नाही? कारण विरारवालीला तिच्या फोटॉनकडून काय दिसतं, तर हो-नाही-नाही-हो, निव्वळ नाणेफेक, पन्नास-पन्नास. डोंबिवलीत पोलरॉइड कुठल्याही कोनात फिरवा, मोजा किंवा मोजू नका, विरारमधले पन्नास टक्के पन्नासच राहतात. जुळणी आहे ती दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसते, आणि वह्या शेजारी आणायच्या तर त्या ट्रेनने नाहीतर फोनने आणाव्या लागतात, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या आतच. निसर्ग इथे ताकास तूर लागू देत नाही.

यावर एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. निक हर्बर्ट नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एक पेपर छापला, की येणाऱ्या एका फोटॉनच्या लेझरने खूप कॉप्या काढल्या तर कोन ओळखता येईल आणि प्रकाशापेक्षा वेगाने मेसेज पाठवता येईल. तो पेपर तपासणाऱ्यांपैकी अशर पेरेझला माहीत होतं की हे चुकीचं आहे, तरी त्याने छापा म्हणून सांगितलं, कारण चूक नेमकी कुठे आहे हे शोधताना लोकांना काहीतरी महत्त्वाचं सापडेल असं त्याला वाटलं. दुसरा तपासणारा जिआनकार्लो गिरार्दी, त्याने 'छापू नका' असं लिहिलं आणि का ते गणिताने दाखवलं, की अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब कॉपी काढताच येत नाही. पेपर छापला गेला, आणि त्याच वर्षी वूटर्स आणि झुरेक यांनी एकीकडे, डीक्सने दुसरीकडे तीच गोष्ट सिद्ध करून प्रसिद्ध केली. आज क्वांटम क्रिप्टोग्राफी ज्या नियमावर उभी आहे तो हा नियम. एका चुकीच्या पेपरच्या पोटातून आला, आणि गिरार्दीचं उत्तर मात्र आधी त्या रिपोर्टातच पडून होतं.

तर मेसेज नाही, हे नक्की. पण भाचा म्हणाला तसं, प्रश्न मेसेजचा नाहीच आहे.

पुस्तकातली गोष्ट कशी असते बघा: डोंबिवलीवालीने मोजलं, तिला 'हो' आलं, त्या क्षणी विरारच्या फोटॉनची अवस्था बदलली, मग विरारवालीने मोजलं. ही गोष्ट सांगायला 'मग' हा शब्द लागतो. आणि आइनस्टाइनने १९०५ मध्ये नेमका हाच शब्द काढून घेतलाय. दोन घटना इतक्या लांब आणि वेळेने इतक्या जवळ असतील की एकीकडून निघालेला प्रकाश दुसरीला वेळेत पोचू शकत नाही, तर त्यातली आधी कुठली हे सगळ्यांसाठी एकच असं नसतंच. फलाटावर उभ्या माणसाला दोन्ही एकाच वेळी, एका दिशेने जाणाऱ्या गाडीतल्याला एक आधी, उलट दिशेच्या गाडीतल्याला दुसरी आधी, आणि तिघेही बरोबर.

हे फक्त अंतराळयानांचं प्रकरण आहे असं वाटत असेल तर छोटा हिशेब करू. दोन ठिकाणं १८ किलोमीटर लांब, दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं. प्रकाशाला ते अंतर कापायला ६० मायक्रोसेकंद लागतात. आता ताशी १०८ किलोमीटरने त्याच रेषेत जाणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाच्या हिशेबाने त्या दोन घटनांमध्ये ६ पिकोसेकंदांचा फरक पडतो, उलट्या गाडीतल्याला ६ पिकोसेकंद उलट्या बाजूने. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, हो, पण शून्य नाही. एका गाडीतला म्हणणार की डोंबिवलीने विरारचं ठरवलं, दुसऱ्या गाडीतला म्हणणार विरारने डोंबिवलीचं. दोघांची आकडेमोड बरोबर येणार. मग खरंच कोणी कोणाचं ठरवलं?

१८ किलोमीटर मी उगाच नाही घेतले. जिनिव्हाजवळ सातिन्यी आणि ज्युसी अशी दोन गावं आहेत, त्यांच्यात सरळ रेषेत एवढंच अंतर. २००८ मध्ये निकोलस गिझांच्या गटाने जिनिव्हात बसून फोटॉनच्या जोड्या बनवल्या, ऑप्टिकल फायबरने एक या गावात, एक त्या गावात पाठवला. त्यांचा प्रश्न असा होता: समजा, विश्वात कुठेतरी एखादी 'खरी' चौकट आहे जिच्या घड्याळाने आधी-नंतर ठरतं, आणि समजा एका कणाकडून दुसऱ्याकडे काहीतरी लपून जातं, प्रकाशापेक्षा वेगात पण तरी मर्यादित वेगात. तर मग दोन मोजण्या त्या चौकटीत अगदी एकाच वेळी झाल्या तर त्या 'काहीतरी'ला पोचायला वेळच मिळणार नाही आणि जुळणी तुटली पाहिजे. ती चौकट कुठली ते कोणाला ठाऊक नाही, पण दोन गावं साधारण पूर्व-पश्चिम आहेत आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरतेय, त्यामुळे चौकट कुठलीही असो, २४ तासांत कधी ना कधी तो क्षण येणारच. मला हे वाचून अंगावर काटा आला, खरंच, आख्खी पृथ्वी प्रयोगाचं हँडल म्हणून वापरली त्यांनी. जुळणी कुठल्याच तासाला तुटली नाही. निष्कर्ष असा निघाला की त्या चौकटीत पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी असेल, तर ते लपून जाणारं जे काही आहे ते प्रकाशाच्या किमान १०,००० पट वेगाने जायला हवं.

त्याच्या आधी, २००२ मध्ये, जिनिव्हातच झालेला एक प्रयोग भाच्याच्या प्रश्नाचं अगदी शब्दशः उत्तर आहे. अँतुआन स्वारेझ आणि व्हालेरिओ स्कारानी यांची १९९७ ची कल्पना होती, की विश्वाची एकच चौकट कशाला हवी, प्रत्येक उपकरण आपापल्या घड्याळाप्रमाणे ठरवत असेल की आपण आधी की नंतर. आपण आधी असू तर दुसऱ्याची पर्वा न करता उत्तर द्यायचं, नंतर असू तर दुसऱ्याला धरून. यातून एक सुंदर पेच निघतो. दोन उपकरणं एकमेकांपासून लांब पळत असतील तर रिलेटिव्हिटीच्या नियमाने प्रत्येकाच्या घड्याळात तेच आधी येतं! दोघंही म्हणणार मी पहिला. मग कोणीच कोणाला धरून उत्तर देणार नाही आणि जुळणी नाहीशी व्हायला हवी. आता एवढ्या वेगात उपकरणं पळवायची कशी, तर त्यांनी क्रिस्टलमधून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने धावणारी ध्वनिलहरच फोटॉनचा रस्ता फोडणारा आरसा म्हणून वापरली. क्रिस्टल जागचा हलत नाही, लहर पळते. आणि निकाल? जुळणी जशीच्या तशी. दोघंही 'मी आधी' असताना सुद्धा. स्वारेझ स्वतः त्या प्रयोगाच्या पेपरचा एक लेखक होता आणि आपली कल्पना आपल्याच प्रयोगाने खोटी ठरली हे त्याने सरळ मान्य केलं. याबद्दल मला त्या माणसाविषयी फार आदर वाटतो.

आणि मग २०१२ मध्ये शेवटचा खिळा. गिझांच्याच वर्तुळातल्या बांकाल, पिरोनिओ, असिन आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं, की लपून जाणारा परिणाम कितीही वेगवान असू दे, प्रकाशाच्या लाखपट असू दे, पण मर्यादित असेल तर दोन कणांमध्ये तो लपून राहील, चार कण घेतले की लपणार नाही, त्यातून खरोखरचे मेसेज पाठवता येतील. म्हणजे 'खूप वेगाने काहीतरी जातं' ही मधली, सोयीची वाट बंद. एक तर अमर्याद वेग, नाहीतर 'जातं' ही भाषाच सोडायची.

मला वाटतं की 'भांडण नाही' आणि 'भांडण आहे' या दोन्ही बोलण्यांमध्ये रिलेटिव्हिटी हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो आणि म्हणून गोंधळ होतो. १९०५ च्या आइनस्टाइनने 'एकाच वेळी' याची व्याख्या प्रकाशाचे सिग्नल इकडून तिकडे पाठवून केली होती. त्या अर्थाने सिग्नल नाही तर तक्रार नाही, माझे सर बरोबर. पण १९०८ मध्ये मिन्कोव्स्कीने त्याला काळ-अवकाशाचा आकार बनवलं, आणि एकदा तो आकार खरा मानला की त्यात सगळ्यांसाठी एकच 'आत्ता' अशी रेघ कुठेच नाही, मग सिग्नल असो वा नसो. अ‍ॅबनर शिमोनी (तोच, चौघांतला) या सगळ्याला शांततापूर्ण सहअस्तित्व म्हणायचा. मला ते तहासारखं वाटतं. दोन्ही बाजूंनी सीमा पाळलीय, पण जमिनीचा नकाशा एकमताने कोणी काढलेला नाही.

नकाशे आहेत, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. डेव्हिड बोमची १९५२ ची मांडणी घ्या, कणांना निश्चित जागा, निश्चित रस्ता, सगळं स्वच्छ, पण खाली एक खरी 'आत्ता'ची रेघ लागते, जी प्रयोगात कधीच सापडू शकत नाही. बेलला ती वाट मोहवायची, बीबीसीच्या एका मुलाखतीत तो म्हणाला होता की सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आइनस्टाइनच्या आधी, लॉरेंट्झ आणि प्वांकारेंच्या कल्पनेकडे परत जाणं. मला हे जड जातं. निसर्गाने एक रेघ ओढायची आणि मग ती कोणाला कधीच दिसू नये म्हणून सगळे नियम जुळवून घ्यायचे, हे मनाला पटत नाही, पण खोडून काढता येत नाही हेही खरं. अनेक विश्वांची मांडणी म्हणते की मोजल्यावर एकच उत्तर येतं हेच खोटं, दोन्ही येतात, आणि मग कोणी कोणाचं ठरवायचा प्रश्नच नाही. ती किंमत मला अजून पेलत नाही. रॉडेरिक टुमुल्काने २००६ मध्ये तिसरंच केलं, अवस्था अधूनमधून आपोआप कोसळते ही गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांची १९८६ ची कल्पना घेतली आणि ती कुठलीही 'आत्ता'ची रेघ न काढता, पूर्ण रिलेटिव्हिटी सांभाळून लिहून दाखवली, निदान एकमेकांवर बल न लावणाऱ्या कणांसाठी. म्हणजे हे अशक्य नाही. फक्त त्यात जग म्हणजे काळ-अवकाशात विखुरलेले ठिपके, आणि ठिपके एकमेकांशी जुळतात, पण अमक्याने तमक्याला ढकललं असं म्हणायची सोय त्यात नाही.

माझा कल सध्या तिकडे आहे.

आपल्याकडेही यावर मनापासून काम झालंय हे मला आधी माहीत नव्हतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंग यांचा १९९१ चा पेपर नेमका याच फरकावर आहे, की सिग्नल न जाणं ही एक अट, बेलची अट (लांबच्या मोजणीचा इथल्या उत्तरावर कसलाच परिणाम नाही) ही दुसरी, आणि दोनपेक्षा जास्त कण असताना दोन्ही वेगवेगळ्या कशा तपासायच्या. ज्या शहराकडे आम्ही त्या दिवशी चाललो होतो त्याच शहरात बसून लिहिलेला पेपर.

गेल्या रविवारी भाचा घरी आला तेव्हा त्याला कागद दिला. म्हटलं, डोंबिवली आधी धरून कर. तिचा फोटॉन पोलरॉइडमधून जायची शक्यता अर्धी, गेला की विरारचा फोटॉन त्याच दिशेचा, त्याचा पोलरॉइड २२.५ अंशांनी तिरका, म्हणजे शक्यता कोसाइनचा वर्ग, ०.८५४, गुणाकार ०.४२७. आता विरार आधी धरून कर. त्याने केलं, ०.४२७. मग सेकंड इयरच्या मुलाने जे करायला हवं तेच त्याने केलं, सूत्र पुन्हा पुन्हा बघत राहिला आणि म्हणाला, "यात वेळ कुठेच नाहीये गं. आणि अंतरही नाहीये."

मी म्हटलं हो, क्वांटम फील्ड थिअरीत तर हे नियम म्हणूनच लिहिलेलं असतं, प्रकाश पोचू शकत नाही इतक्या लांबच्या दोन मोजण्यांचा क्रम उलटा केला तरी उत्तर तेच आलं पाहिजे. मग त्याला जिनिव्हाचं सगळं सांगितलं, दोन्ही प्रयोग आणि २०१२ चं गणित. चहा निवून गेला दोघांचा.

थोडा वेळ तो कागदावर ठिपके काढून जोडत बसला, आधी दोन, मग चार.

"दोन असले तर लपतं," तो म्हणाला, "चार असले तर लपत नाही. मग मावशी, तीन असले तर?"

तीनचं पुढच्या रविवारी घ्यायचं ठरलंय.